खोटा पैरा

माझी आई रोजगाराला जायची, हे आता मी कुठंही बेधडक सांगते. मध्यंतरी एका शाळेत निवृत्त बाई म्हणून माझा सत्कार केला, तिथं माइकवरून सांगितलं. लोकांच्या द्राक्षबागेत दिवसभर हात वर करून उभं राहून तिनं मला शिकवलं, असं म्हटल्याबरोबर टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका तरुण शिक्षिकेनं तर रुमाल काढला. शाल-नारळ घेऊन घरी आले आणि मला माझाच राग आला. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या कष्टांवर टाळ्या मला मिळतात, आणि ज्या वयात हेच वाक्य बोलायला छाती लागली असती त्या वयात मी काय बोलले होते, हे त्या मांडवात एकालाही माहीत नव्हतं. माझ्या सुनेलाही माहीत नाही. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल, आणि मग माझ्याकडं कसं बघायचं ते तिचं तिनं ठरवावं.

आमचं गाव तासगावच्या बाजूचं. वडील फौजेत हवालदार, वर्षातून एकदा रजेवर यायचे. थोरले चुलते आप्पा आणि आमची वाटणी झाली तेव्हा विहिरीकडचं रान आप्पांकडं गेलं आणि माळाकडचा पावणेदोन एकरांचा तुकडा आमच्या वाट्याला आला. कुणी मुद्दाम अन्याय केला असं मी म्हणणार नाही. वडील हजर नव्हते आणि आई बोलली नाही, एवढंच. मोठ्या घरातून उठून आम्ही दोघी मायलेकी रस्त्याकडेच्या दोन खोल्यांत आलो. मोठ्या घरात आमटीत मीठ किती टाकायचं हेसुद्धा आईला काकूला विचारावं लागायचं. नव्या जागेत पहिले आठ दिवस ती भांड्यात मीठ टाकायच्या आधी क्षणभर थांबायची, मग लक्षात यायचं की विचारायचं कुणाला, आणि एकटीच हसायची. मी तेव्हा सतरा वर्षांची, तासगावच्या कॉलेजात जाणारी, आणि आपण फार शहाण्या आहोत अशा समजुतीत वावरणारी.

माळाच्या रानात रब्बीचा शाळू पेरायचा, खुरप्यानं तण काढत भांगलायचा आणि कापायचा. आईच्या हाताला ते काम पुरायचं नाही. एके दिवशी रस्त्यानं जाणारी हिरामावशी दारात थांबली आणि म्हणाली, "विरळणीला एक बाई कमी पडतीया. येतीस का एक दिस?" विरळणी म्हणजे घडातले दाटीचे मणी बारक्या कात्रीनं काढून टाकायचे, म्हणजे उरलेले मणी पोसतात. आई एका दिवसासाठी म्हणून गेली ती जातच राहिली. हिरामावशी मूळची आटपाडीकडची. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती, दुष्काळात ती संपली, आणि नवरा-बायको आमच्या गावच्या गायरानात झोपडं बांधून राहिले. उंच, काटक बाई. आवाज असा की बागेच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाच्या बाईला उत्तर द्यावं लागायचं. आठ बायांची टोळी होती आणि ती त्यांची कारभारीण.

उजाडायच्या आत आमच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. आई भाकरी थापताना बांगड्या कोपराकडं सारायची, तरी त्या घसरून पुन्हा मनगटाशी यायच्या आणि त्यांची किणकिण मला अंथरुणात ऐकू यायची. तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे परतून ती तांब्याच्या बुडानं तिथंच रगडायची. त्या खर्ड्याच्या खाटानं मला शिंका यायच्या आणि तिथून माझा दिवस सुरू व्हायचा. भाकरी फडक्यात बांधायची, वर खर्डा, कांदा, कधी अंबाडीची भाजी. मग साडीवरून वडिलांचा फौजेतला जुना शर्ट चढवायचा, औषध मारलेल्या वेलींचं पाणी अंगावर गळू नये म्हणून. डोक्याला टॉवेल. तोवर रस्त्यावरून हाळी यायची, "मालन, ए मालन, चल की गं!" मोठ्या घरात तिला कुणी नावानं हाक मारत नव्हतं. तिथं ती धाकटी होती, नाहीतर फौजीची बायको. हाळी आली की ती तोंडात भाकरीचा घास असतानाच "आले, आले" म्हणत पळायची. आईला पळताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ती परत यायची तेव्हा बोटं विरळणीच्या चिकानं हिरवी-काळी झालेली असायची. लिंबाच्या सालीनं घासली तरी निघायची नाहीत. पण ती थकलेली वाटायची नाही. भाकरी खाताना दिवसभरातलं सांगत बसायची: कोण काय म्हणालं, कुणाच्या नवऱ्यानं आज पहिल्यांदा पाणी भरलं आणि हंडा कसा फोडला, जेवताना कुणाची भाजी कुणी पळवली. सांगता सांगता पदर तोंडावर धरून हसायची. माझा एस.टी.चा पास, पुस्तकं, सगळं त्या कामातून यायचं. वडील रजेवर आले की मात्र ते दोन महिने काम बंद. तेव्हा टोळीसुद्धा आमच्या दारावरून हाळी न देता, खाली माना घालून जायची. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मला त्याची लाज वाटायची. हे आडवळणानं लिहिण्यात अर्थ नाही. कॉलेजची एस.टी. ज्या बागांजवळून जायची त्या बाजूची खिडकी मी कधी धरली नाही. मैत्रिणींना 'आई शेती बघते' असं सांगायची, आणि ते खोटं नव्हतं म्हणून स्वतःवर खूश असायची. आमच्या कुळीतल्या बायका दुसऱ्याच्या रानात जात नव्हत्या असं नाही, पण जायच्या त्या पैऱ्यानं. पैरा म्हणजे आज आम्ही तुमच्या रानात राबायचं, उद्या तुम्ही आमच्या. कुणी कुणाला हाजरी, म्हणजे दिवसाची मजुरी, द्यायची नाही, ज्याचं रान त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं. पैऱ्याला जाणारी बाई घरंदाज, रोजगाराला जाणारी रोजगारी. खुरपं तेच, ऊन तेच, कंबर दुखायची तीही तशीच. फरक एवढाच की पैऱ्याला दोन्ही बाजूंना रान असावं लागतं.

आता आमच्या उसात भांगलायला बाया हव्या असतील तर तीन दिवस आधी फोन करावा लागतो. टोळीची कारभारीण सांगेल तो दिवस, ती म्हणेल ती वेळ, आणि टेम्पो दारात गेला नाही तर कुणी पाय उचलत नाही. माझ्या मुलाला ते खटकतं. "बायांचा लय रुबाब झालाय," म्हणतो. सून कराडला बँकेत जाते, सकाळी तिचा डबा हाच भरतो, भाकरीसुद्धा बऱ्यापैकी थापतो, त्याचं त्याला काही वाटत नाही. पण रोजगारी बाईनं वेळ ठरवलेली मात्र वाटते. मी त्याला काही बोलत नाही. मास्तरणीला चारचौघांत उपदेश करायची सवय असते, पण या विषयावर माझं तोंड उघडत नाही.

तर ते दिवाळीनंतरचे दिवस होते. सगळीकडं विरळणीची घाई. मी दारात केस वाळवत बसले होते आणि पायातल्या वहाणा करकर वाजवत एक धोतरवाले गृहस्थ आले. "हवालदारांचं घर हेच न्हवं?" त्यांनी विचारलं. कृष्णाकाठच्या एका उसाच्या गावचं स्थळ काकूनं माझ्यासाठी सुचवलं होतं. हे मुलाचे वडील, तात्या. तासगावकडं बागा बघायला आले होते, वाकडी वाट करून आमच्याकडं डोकावले. मी घाईनं पदर सावरला, पाणी आणि गुळाचा खडा दिला. ते पाणी प्याले आणि म्हणाले, "आई कुठं हायत?"

आई तेव्हा हाकेच्या अंतरावर, एका बागेत, वडिलांचा शर्ट घालून उभी होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "पैऱ्याला गेलीया."

"कुणाच्यात?"

"हिरामावशीच्या रानात."

सगळ्या गावात मला हेच नाव सुचलं. टोळीतल्या बाकीच्या बायांना निदान अर्धा एकर, पाव एकर काहीतरी होतं. हिरामावशीचं झोपडंसुद्धा सरकारी गायरानात होतं. पण तात्यांना ते कुठून माहीत असणार? उलट त्यांचा चेहरा खुलला. "आरं वा! तुमच्यात अजून पैरा हाय व्हय? आमच्याकडं मोडला गं पोरी. ऊस आला, पैसा आला, आन्‌ माणूस माणसाच्या बांधावर जायचं बंद झालं." मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "तुमच्या रानात पैरा कवा हाय?"

मी म्हणाले, "बुधवारी."

"मग बुधवारीच येतो, मालकीणबाईंस्नी घेऊन. पाटावर बसवून नाव-गाव विचारायचं, पोरीनं खाली बघायचं, त्यात काय कळतंय? कामात बघितली की माणूस कळतं. आईला सांग, जेवाण पैऱ्याचंच असू दे, आमच्यासाठी वायलं काय करायचं न्हाई." आणि वहाणा वाजवत निघून गेले. त्यांच्या पाठीकडं बघत मी उभी राहिले. खोटं बोलल्याचं वाईट वाटत नव्हतं. बुधवार चार दिवसांवर आहे, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती हातातलं लिंबू तसंच धरून बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाली, "स्थळ चांगलं हाय?" मी मान हलवली. मग ती उठून गायरानाकडं गेली आणि हिरामावशीला घेऊनच आली. हिरामावशी उंबऱ्यावर टेकली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "माझ्या रानात म्हणालीस?" ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "मालन, अगं, तुझ्या लेकीनं मला रान दिलं की! सरकारनं दिलं न्हाई, दीरानं दिलं न्हाई. नंदे, किती एकर दिलंस गं?"

आई म्हणाली, "हिरा, रोज बुडंल तुमचा. कुणी न्हाई आलं तरी मी समजून घीन."

"बुडू दे एक दिस. पोरीचं जमतंय न्हवं?" ती म्हणाली, आणि विषय संपला. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

यापुढचं लिहायला हात मागं येतो. दुसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं की बायांना सांग, शर्ट घालून येऊ नका, डोक्याला टॉवेल बांधू नका. त्यावरून रोजगारी बाई ओळखू येते. जरा बऱ्या साड्या नेसून या म्हणावं. आई म्हणाली, "भांगलायला?" मी म्हणाले, "मग काय झालं?" आईनं तो निरोप दिला. काय शब्दांत दिला असेल, त्या काय म्हणाल्या असतील, मी विचारलं नाही.

बुधवारी आठही बाया आल्या, त्या लग्नाला निघाल्यासारख्या. कुणाची जांभळी साडी, कुणाची जरीच्या काठाची. हिरामावशी मुलीच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसून आली होती. त्याच्या घड्यांच्या रेघा तशाच दिसत होत्या. आणि रानात गेल्यावर आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी त्या सगळ्यांना आधीच माहीत होती. आमच्या रानात तणच नव्हतं. बागेतून आल्यावर संध्याकाळच्या अर्ध्या-अर्ध्या तासात आईनं एकटीनं सगळा शाळू भांगलून काढला होता. तिला गचाळ रान खपायचं नाही. माझ्याच रानात काय काम उरलंय हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी पैरा ठरवून मोकळी झाले होते. हिरामावशीनं एकदा इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "चला गं, बसा पातीला. खुरपं हालत ऱ्हायलं म्हंजे झालं." आठ बाया चांगल्या साड्या गुडघ्यांत आवळून आपापल्या पातीला, म्हणजे ओळीला, बसल्या आणि स्वच्छ मातीत खुरपी चालवायला लागल्या. मला तिनं आपल्या आणि आईच्या मधे घेतलं. मी मागं पडले की दोन्हीकडून त्या दोघींची खुरपी माझ्या पातीत शिरायची आणि मला पुढं न्यायची.

तात्या आणि होणाऱ्या सासूबाई दहाच्या सुमाराला बांधावर आले. आईनं खुरपं ठेवून पदर घेतला. तात्या पातीच्या कडेनं हिंडले, वाकून माती हातात घेतली. "भांगलण व्हत आली वाटतं?" ते म्हणाले. मी खाली बघत होते. हिरामावशी म्हणाली, "शाळवाला भेगा पडत्यात, दादा. त्या मुजवतोय. माती हालली की वल टिकती." ते खरंही होतं. कसलेली बाई ती, थाप मारतानासुद्धा शेतीचं चुकीचं बोलली नाही.

तात्यांनी विचारलं, "तुमीच का हिराबाई? परवा तुमच्यात पैरा हुता म्हणं. रान कुठंशी तुमचं?"

सगळी खुरपी थांबली. मला वाटलं, आता संपलं. हिरामावशीनं खुरपं मातीत रोवलं आणि हात वर करून ओढ्याकडं दाखवलं. "त्या वड्याच्या पल्याड, दादा. दीड एकर."

"काय केलंय?"

"हरभरा."

"पाणी?"

"एक भिजणं देतो. शेजारची हीर हाय, त्येंचं आमचं बरं हाय." इथं थांबली असती तरी चाललं असतं. पुढचं कुणी विचारलं नव्हतं. पण ती बोलत राहिली. "बांधाला दोन बोरी हायत. एक आंबट हाय, एक गोड. खालच्या अंगाला जरा चोपण हाय, तिथं काय येत न्हाई, म्हणून तिथं मेंढरं बसवायची म्हंत्यात आमचं मालक. मी म्हंते बसवा, खत हुईल. सकाळचं गेलं की हरभऱ्यावर दव असतंय बगा, पाय पार भिजत्यात." बाकीच्या बायांपैकी कुणी हसलं नाही. एकीनं तोंड फिरवून डोळ्यांना पदर लावला. आई मातीकडं बघत होती. हिरामावशी मात्र ओढ्यापलीकडं बघत होती, आणि तिचा तो मोठा आवाज इतका खाली आला होता की सासूबाईंना पुढं सरकून ऐकावं लागलं.

दुपारी बांधावर पंगत बसली. आईनं वांग्याची भाजी, भाकरी, आमटी-भात केला होता. तात्या आणि सासूबाई बायांच्याच ओळीत बसले. मी वाढत होते. सासूबाईंनी हिरामावशीला विचारलं, "हरभऱ्याची भाजी खुडता का न्हाई?" ती म्हणाली, "खुडती की. पाठवून देती तुमास्नी." मी तिच्या पानात भात वाढला तेव्हा तिनं माझ्याकडं मान वर करून बघितलं नाही. तिची बोटं तेवढी दिसली, विरळणीच्या चिकानं काळी. साड्या बदलायला सांगितल्या होत्या मी, बोटांचा विचार केला नव्हता.

लग्न ठरलं. काकूनं पेढे वाटले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरून हाळी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आई भाकरी थापून बसून होती. चौथ्या दिवशी मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. विरळणी एक दिवस थांबत नाही, मणी फुगत जातात. बुधवारी टोळी गेली नाही म्हणून बागवाल्यानं दुसऱ्या गावची टोळी लावली आणि उरलेली सगळी बाग त्यांना दिली. ऐन हंगामात त्या आठजणी आणि आई अशा नऊ बाया घरात बसल्या. "त्यास्नी म्हाईत हुतं असं हुईल?" मी विचारलं. आई म्हणाली, "हिराला म्हाईत नसंल व्हय? कारभारीण हाय ती." आणि दोन भाकऱ्या फडक्यात बांधून गायरानाकडं घेऊन गेली.

एवढं कळल्यावर तरी माणसानं सुधारावं. वैशाखात लग्न होतं, वडील रजा काढून आले होते. घरोघर अक्षता द्यायची वेळ आली तेव्हा मी आईला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाले, "हिरामावशीला बोलवू नको. सासरची माणसं तिच्या रानाचं विचारतील. टोळीतल्या कुणालाच नको, एखादीच्या तोंडून जायचं." आईनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेतून मी पुढं कधीच पुरती सुटले नाही. "बरं," एवढंच ती म्हणाली. खोटं कारण सांगणं तिला जमणार नव्हतं, म्हणून तिनं जाऊन सरळ सांगितलं, पोरीची इच्छा न्हाई. त्यावर हिरामावशी म्हणे म्हणाली, "बरं केलं तिनं. मला तरी कुठं खोटं बोलाय येतंय!" हे आईनंच मला सांगितलं, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. माझ्या अक्षता पडत होत्या तेव्हा त्या आठजणी रस्त्यापलीकडच्या बागेत छाटणीच्या काड्या गोळा करत होत्या. बँड त्यांना ऐकू गेला असणारच.

पुढं हिरामावशी मुलाबरोबर आटपाडीकडं परत गेली. एकदा जाऊन यावं असं मी दर सुट्टीत ठरवायची. दिवाळीत फराळाची गडबड असायची, उन्हाळ्यात परीक्षेचे पेपर तपासायचे असायचे. ती वारल्याचं मला आईकडून कळलं, तेही माझ्या वर्गातल्या मुलांच्या सहलीबद्दल बोलता बोलता.

तात्या म्हातारे झाल्यावर सोप्यात बसून काहीतरी हातकाम मागून घ्यायचे. एका दुपारी आम्ही दोघं पावट्याच्या शेंगा सोलत होतो. उसाला बाया मिळत नाहीत असं काहीतरी बोलणं चाललं होतं. मधेच ते म्हणाले, "नंदा, तुमच्यात पैरा बघाय आलो हुतो. आठवतंय?"

"आठवतंय की."

"खोटा हुता न्हवं त्यो?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. ते सोलत होते. "रानात तणाची काडी न्हवती. बाया जरीची लुगडी नेसून भांगलत हुत्या. आन्‌ त्या हिराबाईची बोटं काळी. दोन दिस बागाच बघत हिंडलो हुतो मी, विरळणीचा हात मला कळंना व्हय?"

"मग तवाच का बोलला न्हाई तुमी?"

"तुझी सासू वाटंत म्हणाली, फसवत्यात आपल्याला, नको ही सोयरीक. जाताना वड्यापल्याड बघितलं, हरभऱ्याचं एक रोप न्हाई. मी म्हटलं, ऐन विरळणीत आठ बाया काम टाकून येत्यात. एकीला रान न्हाई तर ती नसल्यालं रान सांगती. कुणासाठी? त्या मालनबाईसाठी. असं माणूस ज्या घरात हाय तिथली लेक करायची." त्यांनी पुढची शेंग उचलली. "लग्नात मी त्या हिराबाईला शोधलं. म्हटलं दोन शब्द बोलावं. सगळा मांडव हुडकला. ती न्हाई, त्या आठातली एकबी न्हाई. तवा मी वळून बोहल्यावर तुझ्याकडं बघितलं. वाटलं, आईला बघून लेक केली, चूक झाली का काय आपली."

हे त्यांनी हसत सांगितलं आणि सोललेले दाणे माझ्या ताटात ओतले. त्या घरात येऊन मला तोवर बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षं मी त्यांच्यापुढं घरंदाज आईची घरंदाज लेक म्हणून वावरले, आणि मी कशी आहे हे त्यांना माझ्या अक्षता पडल्या त्या दिवसापासून माहीत होतं.